गाभ्यात टिकणारा डिटेक्टर: व्हॅनेडियम, कोबाल्ट आणि ऱ्होडियम एसपीएनडींचं परीक्षण

अणुभट्टीच्या गाभ्यात बसवायचा न्यूट्रॉन डिटेक्टर निवडताना बहुतेकांची नजर आधी संवेदनशीलतेच्या आकड्यावर जाते. हा आकडा लागतोच, पण डिटेक्टर दहा वर्षं नीट चालणार की दुसऱ्याच वर्षी शंका घ्यायला लावणार, हे त्यावरून कळत नाही. एसपीएनडी, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न देता स्वतःच प्रवाह तयार करणारा न्यूट्रॉन डिटेक्टर, या जातीत माल चांगला की वाईट हे ठरतं इन्सुलेशनवर, केबलवर आणि सिग्नलवर नंतर होणाऱ्या गणितावर. म्हणून या परीक्षणात एमिटरच्या धातूइतकीच जागा या तीन गोष्टींना दिली आहे. अणुशक्तीनगरच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत किंवा दुसरीकडे या विषयात पीएच.डी. करणाऱ्यांना, आणि प्रयोगासाठी पहिल्यांदाच एसपीएनडी मागवणाऱ्यांना, हे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या हिलबॉर्न यांनी १९६४ मध्ये मांडलेली रचना आजही जवळपास तशीच आहे. मधोमध एक धातूची तार, तिला एमिटर म्हणतात. तिच्याभोवती ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियाचं दाबून भरलेलं इन्सुलेशन, आणि बाहेर इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूची बारीक नळी, म्हणजे कलेक्टर. एमिटर न्यूट्रॉन गिळतो, त्याचे अणू किरणोत्सारी होतात आणि बीटा कण बाहेर फेकतात. इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे तार धनभारित होते आणि तो भार भरून काढायला मीटरमधून प्रवाह वाहतो. उच्च व्होल्टेज नाही, वायू नाही, हलणारा भाग नाही. व्यास साधारण दीड ते साडेतीन मिलिमीटर. १०^१४ न्यूट्रॉन प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद इतक्या फ्लक्समध्ये, म्हणजे न्यूट्रॉनच्या माऱ्यात, वर्षानुवर्षं राहू शकणारं इतकं साधं उपकरण दुसरं नाही.

धातू तीन. व्हॅनेडियम-५१ चा औष्णिक, म्हणजे मंदावलेल्या, न्यूट्रॉनसाठी क्रॉस-सेक्शन, म्हणजे ते गिळण्याच्या शक्यतेचं माप, ४.९ बार्न (एक बार्न म्हणजे १०^-२४ चौरस सेंटिमीटर). त्यापासून बनणाऱ्या व्हॅनेडियम-५२ चं अर्धायुष्य ३.७४ मिनिटं आणि शेवटी उरतं ते स्थिर क्रोमियम. ऱ्होडियम-१०३ चा क्रॉस-सेक्शन सुमारे १४५ बार्न. त्याच्या सिग्नलचा मोठा भाग ४२ सेकंद अर्धायुष्याचा, आणि ७-८ टक्के भाग ४.३४ मिनिटांच्या आयसोमरमधून, म्हणजे त्याच अणुकेंद्राच्या जास्त ऊर्जेच्या अवस्थेतून, येणारा. कोबाल्ट-५९ चे ३७ बार्न, पण इथे यंत्रणा वेगळी आहे: न्यूट्रॉन गिळताक्षणी निघणारे गॅमा तारेतूनच इलेक्ट्रॉन उडवतात, त्यामुळे प्रतिसाद तात्काळ येतो.

माहितीपत्रकातला संवेदनशीलतेचा आकडा आहे तसा स्वीकारू नका, आधी स्वतः ताडून पाहा. उदाहरण घेऊ. २ मिमी व्यासाच्या व्हॅनेडियम तारेच्या एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ०.१९ ग्रॅम धातू, म्हणजे २.३ × १०^२१ अणू येतात. त्यांना ४.९ बार्नने आणि इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणलं की दर एकक फ्लक्सला, दर सेंटिमीटरला १.८ × १०^-२१ अँपिअर मिळतात. ही झाली वरची मर्यादा. निम्म्याहून जास्त बीटा तारेतच किंवा इन्सुलेशनमध्ये अडतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास यायला हवा. ३० सेमी लांबीचा एमिटर १०^१४ फ्लक्समध्ये दीड-दोन मायक्रोअँपिअर देईल. ०.५ मिमी व्यासाच्या ऱ्होडियमसाठी हाच हिशेब केला तर वरची मर्यादा दर सेंटिमीटरला ३.३ × १०^-२१ येते. तार सोळा पट कमी क्षेत्रफळाची असूनही सिग्नल जवळपास दुप्पट, हे ऱ्होडियमचं बलस्थान. कोणी विक्रेता या मर्यादेच्या वरचा आकडा छापत असेल तर त्याने एकक चुकवलं आहे किंवा लांबी सांगितलेली नाही. दर सेंटिमीटर, दर मीटर आणि अख्ख्या डिटेक्टरचा आकडा यांची गल्लत फार वेळा होते.

ऱ्होडियमची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. १०^१३ फ्लक्समध्ये ऱ्होडियम महिन्याला सुमारे ०.३८ टक्के जळतं, कोबाल्ट ०.१ टक्के, व्हॅनेडियम फक्त ०.०१३ टक्के. फ्लक्स दहापट केला की हे आकडेही दहापट होतात. म्हणजे १०^१४ मध्ये ऱ्होडियम वर्षभरात एक-तृतीयांशाहून अधिक संपेल. दाबाखालच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांत औष्णिक फ्लक्स त्यापेक्षा कमी असतो आणि इंधन बदलायला भट्टी ठरावीक काळाने उघडतातच, म्हणून तिथे ते परवडतं. कुडनकुळमच्या व्हीव्हीईआर, म्हणजे रशियन बनावटीच्या दाबाखालच्या पाण्याच्या, भट्ट्यांत ऱ्होडियमच आहे. पण जळण्याबरोबर संवेदनशीलता सरळ रेषेत घसरत नाही. तारेचा बाहेरचा थर आधी जळतो, आणि बीटा सहज बाहेर पडतात तेही त्याच थरातून. त्यामुळे गोळा झालेल्या भाराच्या, म्हणजे कूलंबच्या हिशेबाने दुरुस्तीचा वक्र ठेवावा लागतो. १.२६ इलेक्ट्रॉनव्होल्टला ऱ्होडियमचा मोठा रेझोनन्स आहे, म्हणजे त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन ते कितीतरी जास्त गिळतं, तो आणखी एक त्रास. शेजारचं इंधन जुनं झालं, बोरॉनचं प्रमाण बदललं की न्यूट्रॉनचा ऊर्जापट बदलतो, आणि खरा फ्लक्स तोच असतानाही वाचन सरकतं. व्हॅनेडियमचा प्रतिसाद औष्णिक पट्ट्यात सरळ, वेगाच्या व्यस्त प्रमाणात. फ्लक्सचा नकाशा काढायला याहून स्वच्छ धातू मिळणार नाही.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत म्हणूनच दोन्ही जाती एकत्र नांदतात. गाभ्याचा नकाशा काढणाऱ्या यंत्रणेत १०२ व्हॅनेडियम एसपीएनडी, आणि १४ विभागांतली शक्ती सावरणाऱ्या नियंत्रणासाठी कोबाल्ट. ही विभागणी अगदी योग्य आहे. इतक्या मोठ्या गाभ्यात, विखंडनातून तयार होऊन न्यूट्रॉन गिळणाऱ्या झेनॉनमुळे शक्ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुकते. त्या झुकण्यावर नियंत्रण ठेवायला लगेच बोलणारा डिटेक्टर हवा, आणि त्याचं बोलणं अधूनमधून तपासायला अचूक, पण सावकाश बोललं तरी चालेल असा.

कोबाल्टकडून फार अचूकतेची अपेक्षा ठेवू नका. सिग्नल व्हॅनेडियमपेक्षा बराच कमी, आणि तारेत कोबाल्ट-६० साचत जातं. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्यामुळे भट्टी बंद असली तरी त्याचा प्रवाह चालूच राहतो. कोबाल्ट-६० पुन्हा न्यूट्रॉन गिळून १.६५ तास अर्धायुष्याचं कोबाल्ट-६१ बनवतं, तेही बीटा टाकतं. परिणामी शून्यरेषा वर्षागणिक वर सरकते आणि सिग्नलमधला तात्काळ वाटा घटतो. प्रत्येक बंदच्या वेळी, भट्टी थांबल्यावर किमान एक दिवसाने, प्रत्येक कोबाल्ट डिटेक्टरचा पार्श्वप्रवाह नोंदवून ठेवला तर हा दोष बराच हाताळता येतो. ही नोंद नसेल तर पाच वर्षांनी कोणत्या वाचनावर विश्वास ठेवायचा हे ठरवता येत नाही.

आता उशिराचा प्रश्न. पीएच.डी.साठी सर्वात सकस जमीन इथे आहे. व्हॅनेडियमचा कालस्थिरांक सुमारे ३२४ सेकंद. फ्लक्स एकदम बदलला तर वाचन नव्या पातळीच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोचायला २५ मिनिटं लागतात. पण सिग्नलचा लहानसा भाग, साधारण ६-७ टक्के, तात्काळ असतो. त्याच्या आधारावर उलटं गणित करता येतं: फ्लक्सपासून प्रवाहाकडे जाणारं समीकरण उलटवलं की मिळणारा फिल्टर हळू भाग काढून टाकतो आणि उशीर काही सेकंदांवर आणतो. याची किंमत गोंगाटात चुकवावी लागते. तात्काळ वाटा ७ टक्के असेल तर हा फिल्टर जलद गोंगाट १४ पट वाढवतो. बारा बिटांचा एडीसी, म्हणजे प्रवाहाचे आकडे करणारा भाग, वापरला तर एका पायरीची किंमत पूर्णमापाच्या ०.०२४ टक्के असते, फिल्टरमधून गेल्यावर ती ०.३४ टक्के होते. सोळा बिटांवर तीच ०.०२ टक्के. म्हणून सोळा बिटांखालचं कार्ड या कामाला घेऊच नका, आणि एडीसीचं पूर्णमाप डिटेक्टरच्या खऱ्या कमाल प्रवाहाशी जुळवून घ्या.

काल्मन फिल्टर हाच हिशेब अधिक शहाणपणाने करतो, कारण गोंगाट किती आणि फ्लक्स किती वेगाने बदलू शकतो या दोन्हींचा तो तोल साधतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातही या दिशेने काम झालं आहे. मात्र त्यात दोन ठिकाणी घोळ होतो. एक, तात्काळ वाट्याचा आकडा पुस्तकातून उचलला जातो. तो तारेच्या व्यासावर, केबलवर आणि आसपासच्या गॅमांवर अवलंबून असतो, त्यामुळे ज्या जागी डिटेक्टर बसणार तिथेच तो मोजला पाहिजे. ७ ऐवजी ५ टक्के धरले तर शक्ती बदलताना फिल्टर खऱ्या बदलाच्या पुढे उडी मारतो. दोन, संगणक पुन्हा सुरू झाला की फिल्टरची सुरुवातीची स्थिती शून्य धरली जाते आणि पहिली काही मिनिटं वाचन भलतंच येतं. सुरुवातीला प्रवाह स्थिर आहे असं मानून स्थिती भरा आणि पहिली ३० मिनिटं त्या वाचनावर ‘तात्पुरतं’ असा शिक्का ठेवा.

केबलकडे वळू. डिटेक्टरचा एमिटर ३० सेमी, पण त्याला जोडलेली केबल गाभ्यातूनच वर येते, कधी कधी एमिटरच्या कितीतरी पट लांब. तीसुद्धा न्यूट्रॉन आणि गॅमा खाते आणि स्वतःचा प्रवाह तयार करते. यावर उपाय म्हणजे जोडतारेची केबल: एका तारेला एमिटर, शेजारी तशीच दुसरी तार मोकळी, आणि दोन्हींच्या प्रवाहांची वजाबाकी. एकतारी डिटेक्टर स्वस्त पडतो, पण गाभ्यातून केबलची लांब धाव असेल तर तो घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. वजाबाकी तरी संपूर्ण होते का? दोन्ही तारा सारख्याच जाडीच्या, सारख्याच धातूच्या आणि सारख्याच अंतरावर असतील तरच. म्हणून मागणीपत्रात दोन्ही तारा एकाच वितळीतल्या असाव्यात अशी अट घाला. आणि इन्कोनेलमधल्या मँगनीजचं प्रमाण विचारा. मँगनीज-५६ चं अर्धायुष्य २.५८ तास. इन्कोनेलमध्ये ते जास्त असेल तर शक्ती कमी केल्यावर केबल कितीतरी तास खोटा प्रवाह देत राहते आणि व्हॅनेडियमच्या शेपटीत मिसळते. कमी मँगनीजचं इन्कोनेल मिळतं. त्याचं रासायनिक विश्लेषणाचं प्रमाणपत्र डिटेक्टरबरोबर आलंच पाहिजे.

इन्सुलेशनमध्ये सर्वात जास्त डिटेक्टर मरतात. दाबून भरलेला मॅग्नेशिया हवेतलं पाणी झपाट्याने ओढतो, ॲल्युमिना त्या मानाने कमी. कारखान्यात सील नीट झालं नाही, किंवा तुम्ही केबल कापून टोक तासभर उघडं ठेवलं, की रोध लाखो पटींनी खाली येतो. खोलीच्या तापमानाला नव्या डिटेक्टरचा रोध १०^११-१०^१२ ओहमच्या घरात असायला हवा. ३०० अंशाला तो बराच खाली येतो आणि गाभ्यात गॅमांमुळे आणखी घसरतो. हे सगळं चालतं, कारण रोध कमी झाला तरी वाचन लगेच बिघडत नाही, ते किती बिघडेल हे ॲम्प्लिफायरवर ठरतं. ॲम्प्लिफायरचा प्रवेशरोध १०० किलोओहम आणि डिटेक्टरचा १०० मेगाओहम असेल तर एक हजारांश सिग्नल गळतो. डिटेक्टरचा रोध १ मेगाओहमवर आला तर ९ टक्के. प्रवेशरोध एक किलोओहमवर आणला तर त्याच खराब डिटेक्टरचं नुकसान पुन्हा एक हजारांश. म्हणून प्रवाहाचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा, जवळपास शून्य प्रवेशरोधाचा ॲम्प्लिफायरच वापरा. रोधावरून प्रवाह मोजायचा साधा मार्ग इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. ॲम्प्लिफायरच्या प्रवेशावर एक मिलिव्होल्ट ऑफसेट असेल आणि इन्सुलेशन १ मेगाओहमवर आलं असेल, तर एक नॅनोअँपिअर फुकटचा प्रवाह वाहतो. पूर्ण शक्तीच्या दीड मायक्रोअँपिअरपुढे तो काहीच नाही, पण एक टक्का शक्तीवर सिग्नल असतो १५ नॅनोअँपिअर, आणि मग ती चूक सात टक्क्यांची होते. ऑफसेट मायक्रोव्होल्टच्या पातळीवर राहील असा भाग निवडा. कलेक्टरची नळी गाभ्यात भूमीला (अर्थला) लागलेली असते, तेव्हा ॲम्प्लिफायरच्या बाजूला दुसऱ्यांदा भूमी जोडू नका. नाहीतर ५० हर्ट्झचा गुंजारव सिग्नलवर बसेल आणि तुम्ही त्याचं खापर डिटेक्टरवर फोडाल. गाभ्याबाहेरच्या धावेला ग्राफाइटचा लेप असलेली कमी गोंगाटाची केबल लावा. साधी कोॲक्स पंपांच्या कंपनाने स्वतःच पिकोअँपिअर तयार करते.

माल हातात आल्यावर काय तपासायचं? आयईसी ६१४६८ हे मानक या जातीच्या डिटेक्टरसाठीच आहे, त्याची प्रत जवळ असू द्या. आधी क्ष-किरण छायाचित्र: एमिटर नळीच्या मधोमध आहे ना, त्याचं टोक नळीच्या टोकापासून सांगितलेल्या अंतरावर आहे ना, केबलशी जोडलेल्या वेल्डिंगजवळ पोकळी आहे का. एमिटर एका बाजूला सरकलेला असेल तर तिथे इन्सुलेशन पातळ पडतं आणि संवेदनशीलताही बदलते. मग तारेचा सलगपणा आणि धारिता. एकाच खेपेतल्या सारख्या लांबीच्या डिटेक्टरांची धारिता जवळजवळ सारखी यायला हवी, एखादी वेगळी आली तर त्या डिटेक्टरकडे पुन्हा बघा. मग हेलियम गळती चाचणी. शेवटी इन्सुलेशन रोध, आधी खोलीच्या तापमानाला आणि मग ओव्हनमध्ये तापवून. विक्रेत्याने सांगितलेल्या व्होल्टेजपेक्षा जास्त लावू नका, बारीक केबलला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायची सवय सोडा. व्होल्टेज दिल्यावर प्रवाह मिनिटामिनिटाला घटत जातो, म्हणून प्रत्येक डिटेक्टरचं वाचन ठरलेल्या एकाच वेळेला घ्या. चाचणी संपली की तारा आणि नळी एकमेकांना जोडून, म्हणजे शॉर्ट करून, ठेवा, नाहीतर साठलेला भार नंतरच्या पिकोअँपिअर मापनात तासन्‌तास डोकावत राहतो.

रोध कमी आढळला तर डिटेक्टर लगेच परत पाठवू नका. सील टोकाशी गळत असेल तर केबलचा ओलसर भाग साधारण टोकापासून थोड्याच अंतरापर्यंत असतो. आतून टोकाकडे सरकत उष्णता देत ओलावा बाहेर ढकला, मग काही तास दीडशे अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि गरम असतानाच सील करा. टोकाकडून आत तापवलं तर ओलावा आणखी आत जातो. केबल वाकवताना त्रिज्या बाह्य व्यासाच्या किमान सहापट असू द्या, आणि एमिटरचा भाग वाकवूच नका.

कॅलिब्रेशनसाठी ट्रॉम्बेला अप्सरा-यू आहे. १० सप्टेंबर २०१८ ला क्रांतिक झालेली, म्हणजे विखंडनाची साखळी स्वतः चालू ठेवू लागलेली, ही २ मेगावॉटची तलाव भट्टी, कमाल औष्णिक फ्लक्स ६.१ × १०^१३. जास्त फ्लक्स लागला तर १०० मेगावॉटची ध्रुव. क्रम असा ठेवा. एमिटरला लागून सोन्याच्या चकत्या लावा, एक उघडी आणि एक, औष्णिक न्यूट्रॉन अडवणाऱ्या, कॅडमियमच्या वेष्टनात. सोन्याचा क्रॉस-सेक्शन ९८.७ बार्न, अर्धायुष्य २.७ दिवस, मोजायचा गॅमा ४१२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचा. दोन चकत्यांच्या फरकातून औष्णिक फ्लक्स मिळतो. कोबाल्ट आणि ऱ्होडियम स्वतःच आसपासचा फ्लक्स खाली ओढतात, त्यामुळे चकती अगदी चिकटून लावली तर ती कमी वाचेल. ही दुरुस्ती मॉन्टे कार्लो गणनेतून, म्हणजे संगणकावर असंख्य कणांचे यादृच्छिक मार्ग काढून, काढा. इन्सुलेशनमध्ये अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे तिथे विद्युतक्षेत्र तयार होतं आणि मंद बीटा माघारी तारेकडे वळतात. हे क्षेत्र गणनेत धरलं नाही तर काढलेली संवेदनशीलता मोजलेल्यापेक्षा जास्त येते, आणि बरेच नवे संशोधक इथेच अडकतात.

चकत्या फार वेळ ठेवू नका, मात्र डिटेक्टरचं वाचन प्रत्येक शक्तीवर अर्धा तास थांबूनच घ्या. चार-पाच पातळ्यांवर रेषा सरळ येते का पाहा. शेवटी भट्टी झटक्यात बंद करा आणि प्रवाह सेकंदासेकंदाला नोंदवा. पहिली एकदम पडझड तात्काळ वाटा सांगते, त्यापुढचा उतार ३.७४ मिनिटांचा, आणि मागे रेंगाळणारा २.५८ तासांचा भाग म्हणजे केबलमधलं मँगनीज. इथे एक सापळा आहे: भट्टी बंद झाली तरी फ्लक्स लगेच शून्य होत नाही, विलंबित न्यूट्रॉनमुळे तो सुमारे ८० सेकंदांच्या कालावधीने ओसरतो. म्हणून शेजारी एक विखंडन कक्ष, म्हणजे युरेनियमचा लेप असलेला तात्काळ प्रतिसादाचा डिटेक्टर, ठेवा आणि त्याचं वाचन हाच खरा फ्लक्स धरून वक्र बसवा. नुसत्या घातांकी वक्रावरून काढलेला तात्काळ वाटा चुकीचा येईल.

स्पर्धक कोण? विखंडन कक्ष कमी शक्तीपासून पूर्ण शक्तीपर्यंतचा मोठा पल्ला पेलतो, पण त्याला उच्च व्होल्टेज, वायू आणि युरेनियमचा लेप लागतो. गाभ्यात कायमचा ठेवला तर लेप जळतो, वायू बदलतो. भट्टी सुरू करताना मात्र तो किंवा बोरॉनचे काउंटर हवेतच, कारण पूर्ण शक्तीच्या दशलक्षांशावर एसपीएनडीचा सिग्नल पिकोअँपिअरच्या घरात जातो आणि गोंगाटात बुडतो. दुसरा स्पर्धक सिलिकॉन कार्बाइड. ३.२६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बँडगॅप असल्यामुळे, जिथे १.१२ वाला सिलिकॉन गरम होऊन निकामी ठरतो तिथेही तो चालतो. वर लिथियम-६ चा थर दिला की प्रत्येक न्यूट्रॉनमागे ४.७८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट वाटून घेणारे ट्रायटॉन आणि अल्फा मिळतात, आणि गॅमांपासून ते सहज वेगळे काढता येतात. गाभ्याबाहेर, वापरलेल्या इंधनाच्या तलावाशी, संशोधन भट्टीच्या बीमवर तो उत्तम. पण वीजभट्टीच्या गाभ्यात जलद न्यूट्रॉन स्फटिकातले अणू जागेवरून हलवतात आणि भार गोळा होण्याचं प्रमाण घसरत जातं. कायमस्वरूपी गाभ्यातल्या जागेसाठी तो आज एसपीएनडीला पर्याय नाही.

एसपीएनडीची मर्यादाही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत ५२ नळ्यांत प्रत्येकी ७ ऱ्होडियम डिटेक्टर होते. २८ मार्च १९७९ ला गाभा उघडा पडून तापला, तेव्हा त्यांनी दाखवलेले प्रवाह न्यूट्रॉनचे नव्हते, उष्णतेने निर्माण झालेले होते. गंभीर अपघातातल्या एसपीएनडी वाचनाचा अर्थ लावणं हा अजूनही चांगला संशोधनविषय आहे.

निवड करायची तर जडपाण्याच्या भट्टीत नकाशासाठी २ मिमीच्या आसपासचं व्हॅनेडियम, जोडतारेसह. डिटेक्टर तिथे थंड मॉडरेटरमध्ये बसतो, त्यामुळे इन्सुलेशनला ३०० अंशांचा त्रास नाही आणि खरी काळजी ओलाव्याची उरते. साध्या पाण्याच्या दाबभट्टीत, बदली वेळच्या वेळी होत असेल तर ऱ्होडियम, नसेल तर व्हॅनेडियम आणि चांगला फिल्टर. वेस्टिंगहाऊसच्या एपी-१००० या दाबभट्टीच्या रचनेत व्हॅनेडियमच घेतलं आहे. नियंत्रणाला कोबाल्ट, पण पार्श्वप्रवाहाच्या शिस्तीसह. पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्यांनी नव्या एमिटर धातूच्या मागे लागण्यापेक्षा तीन गोष्टींवर वर्षं घालावीत: जागेवर मोजलेल्या तात्काळ वाट्यावर चालणारा फिल्टर, गॅमांखाली घसरणाऱ्या इन्सुलेशनचा चालू भट्टीतच अंदाज, आणि जळालेल्या ऱ्होडियमची ऊर्जापटासह दुरुस्ती. या तिन्हींचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो.

मागणीपत्रात शेवटची एक अट घालायला विसरू नका: बाहेर काढण्याची सोय. २ मिमीची २० सेमी कोबाल्ट तार १०^१४ फ्लक्समध्ये वर्षभर ठेवली तर, तारेचा बाहेरचा थर आतल्या थराला न्यूट्रॉनपासून झाकतो ते बाजूला ठेवून, तिच्यात सुमारे २६ टेराबेकरेल, म्हणजे जवळपास ७०० क्युरी कोबाल्ट-६० तयार होतं. व्हॅनेडियमची तार तासाभरात शांत होते, पण तिची इन्कोनेलची नळी होत नाही. त्यामुळे डिटेक्टर वर ओढण्याची जागा, शिशाचा फ्लास्क, पाण्याखाली तुकडे करण्याचं साधन आणि ते ठेवायची जागा, हे सगळं पहिला डिटेक्टर बसवायच्या आधी कागदावर उतरलेलं असावं.